पूस म्हणजे पूस

मला राग आला आहे हे लोकांना कळतच नाही. चेहराच तसा आहे माझा. मी संतापाने लाल झालो की लोक मला पाणी आणून देतात आणि ‘बसा जरा’ म्हणतात. म्हणून निदान कागदावर तरी स्पष्ट लिहून ठेवतो, की पुढची सगळी हकिगत मी दातओठ खात लिहिलेली आहे. त्यातले बरेचसे दात खोटे आहेत, पण राग खरा आहे.

आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितशोधन केलं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि स्वतःचं नाव कुठेही छापून येऊ द्यायचं नाही, असा तो धंदा. माझ्या भित्र्या स्वभावाला तो मानवला. निवृत्तीनंतर एका सॉफ्टवेअर कंपनीने मला बोलावलं. ही कंपनी एका इस्पितळासाठी प्रोग्रॅम बनवत होती. पेशंटने तो मोबाइलवर उघडायचा, गोळ्या कधी घ्यायच्या ते बघायचं, डॉक्टरांची वेळ ठरवायची, वगैरे. त्यातलं मूळ इंग्रजी एका यंत्राने आपल्या भाषेत आणलं होतं. ते मला दाखवण्यात आलं. भरलेली माहिती साठवायच्या बटणावर यंत्राने लिहिलं होतं, ‘वाचवा’. इस्पितळाच्या प्रोग्रॅममध्ये! पेशंट बिचारा नाव भरतो, वय भरतो, आणि खाली लाल चौकटीत कोणीतरी ओरडतंय, ‘वाचवा’. पुढच्या पानावर आश्वासन होतं, ‘तपासणीनंतर डॉक्टर तुमचा पाठलाग करतील.’

मी रागाच्या भरात ते काम पत्करलं. आयुष्यातले माझे सगळे निर्णय असेच, भलत्या भरात झालेले आहेत.

मला वाटलं होतं, कागद मिळेल आणि लाल पेन मिळेल. सुरुवातीला मिळालंही. आमच्या प्रमुख बाई तिशीतल्या, चटपटीत आणि सदैव घाईत. त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही फक्त लिहून द्या. आमचं कोणीतरी आत घालेल.” त्या कोणीतरीने ‘औषध’ हा शब्द आत घातला तो ‘औशध’ असा. मी दुरुस्त करून दिला, तर ‘औषद’ आला. तिसऱ्या खेपेला मी बाईंच्या टेबलापाशी गेलो आणि गरजलो, की माझे शब्द मीच आत घालीन. म्हणजे मला आठवतं तसं मी गरजलो. बाई म्हणाल्या, “काका, जरा मोठ्याने बोलाल का?”

“टर्मिनल जमेल तुम्हाला?” त्यांनी शंका काढली.

“जमेल,” मी म्हणालो. टर्मिनल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बसस्टँडशी काही संबंध असावा असं वाटत होतं.

“बघा हं. इस्पितळाचे लोक महिनाअखेरीस बघायला येणारेत. तोवर तुमचे शब्द आत हवेत. नाहीतर यंत्राचे आहेत तेच राहतील. आणि मग पुढे तुम्ही आपलं कागदावरच द्यायचं.”

म्हणजे डॉक्टर पेशंटांचा पाठलाग करत राहणार, आणि मी ‘औषद’ बघत बसणार. कशासाठी लढायचं ते माझ्यापुरतं ठरलं.

टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी निघाली. तिला चित्र नाही, बटण नाही, नुसता अंधार आणि त्यात एक डोळा मिचकावणारी काडी. तिला इंग्रजीत आज्ञा टंकायच्या. एका अनुस्वाराची गोष्ट घ्या. तो द्यायचा तर आधी बाकीच्यांनी केलेले बदल आपल्याकडे आणायचे, मग आपल्या कोपऱ्यात जायचं, मग अनुस्वार द्यायचा, मग कुठे काही मोडलं नाही ना ते तपासायचं, मग प्रोग्रॅम चालवून बघायचा, मग तो अनुस्वार एका चिठ्ठीसह बांधायचा आणि शेवटी मुख्य साठ्याकडे पाठवायचा. प्रत्येक पायरीला एक लांबलचक ओळ. तिच्यात कुठे एक आडवी रेघ, कुठे दोन, कुठे डावीकडे कलणारी तिरपी रेघ, कुठे उजवीकडे. छापखान्यात अनुस्वार देण्यासाठी मी पेनचं टोक टेकवत असे. इथे एका ठिपक्यासाठी अर्धं पान टंकायचं, आणि पुढच्या ठिपक्यासाठी तेच अर्धं पान पुन्हा.

त्यात एक जागा जरी सुटली, की खिडकी म्हणणार, ‘आज्ञा सापडली नाही.’ हा उद्धटपणा बघा. आज्ञा तिच्या डोळ्यांसमोर आहे. मला चष्म्यातून दिसतेय. तिला सापडत नाही! घरात माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही हे मी समजू शकतो; पण विजेवर चालणाऱ्या वस्तूनेही दुर्लक्ष करावं?

जिन्यात मी ही कैफियत वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना सांगितली. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले आहेत आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे व्हॉल्व्ह असतो.

“एक मेन व्हॉल्व्ह टाका,” ते म्हणाले. “एकदा फिरवला की सगळ्या लायनी चालू.”

“पण हे पाणी नाही हो, शब्द आहेत.”

“वाहतं ना? मग पाणीच. प्रेशर किती आहे तुमच्या खिडकीला?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आमच्या वर्तमानपत्रावर, मी न वाचलेल्या बाजूला, एक आकृती काढून दिली. खालच्या दुकानदाराचा सल्ला सोपा होता, “बंद करून पुन्हा चालू करा.” मी विचारलं, “काय?” तो म्हणाला, “जे असेल ते.”

उपाय शेवटी बायकोनेच सांगितला, तोही टोमण्यातून. “अहो, मी तुम्हाला झोपताना ‘जरा बघा’ एवढंच म्हणते. त्यावर तुम्ही गॅस बंद करता, खिडकी लावता, कचरा दाराबाहेर ठेवता आणि कडी घालून येता. इतक्या वर्षांत मी एकदा तरी पूर्ण यादी म्हटली का? तुमच्यासारख्याला हे शिकवता आलं, तर त्या यंत्राला नाही शिकवता येणार?”

मला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि पटलंही. आमच्या संसारात या दोन गोष्टी बहुधा एकदमच होतात.

ऑफिसात माझ्या शेजारी एक बाई बसतात. कामात हुशार, दोन मुलांची आई, आणि कानांवर सतत भलेमोठे हेडफोन, त्यामुळे सगळे त्यांना हेडफोनच म्हणतात. त्यांच्याशी बोलायचं तर आधी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवावा लागतो. मला ते फार धीटपणाचं वाटतं, म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी खोकत उभा राहतो. त्या दिवशी बराच खोकलो.

“काका, लांब ओळीला छोटं टोपणनाव देता येतं की,” त्या म्हणाल्या. “सोपं आहे. आत्ता करून देते.”

हे वाक्य त्यांनी मोठ्याने म्हणायला नको होतं. मागच्या टेबलावरचा एक जण वळला आणि म्हणाला, टोपणनावं जुनाट, खरी पद्धत वेगळीच आहे. दुसरा म्हणाला, ती पद्धत तर त्याहून जुनाट. तिसऱ्याने खुर्ची चाकांवर ढकलत आणली आणि या सगळ्यासाठी एक नवा प्रोग्रॅमच लिहावा, आपण तो सुट्टीत लिहू, असं सुचवलं. माझा अनुस्वार राहिला बाजूला. हे तिघे हातघाईवर आले. प्रमुख बाई आल्या आणि म्हणाल्या, “मीटिंग घेऊ.”

मीटिंग झाली. माझ्या चार चिमुकल्या आज्ञांची नावं काय असावीत यावर सुशिक्षित माणसांनी काचेच्या खोलीत बसून चर्चा केली. मी आपल्या भाषेतले शब्द सुचवले होते, इंग्रजी अक्षरांत टंकायचे: ‘आण’, ‘बघ’, ‘पूस’ आणि ‘दे’. कोणीतरी हसत म्हणालं, ‘पूस’ इंग्रजी अक्षरांत लिहिला तर त्याचा अर्थ जखमेतला पू असा होतो. मी म्हणालो, आपण इस्पितळाचंच काम करतो, शोभून दिसेल. हा विनोद मी इतक्या हळू केला, की तो इतिवृत्तात ‘काकांची हरकत नाही’ असा नोंदला गेला.

मग परवानगी. ऑफिसच्या यंत्रांची सुरक्षा सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे ‘कुलूप’ म्हणतात. कुलूप म्हणाले, टोपणनावं बसवायची तर अर्ज हवा. आणि अर्ज कुठून करायचा? काळ्या खिडकीतून! लांब ओळी टंकायला लागू नयेत म्हणून परवानगी, आणि ती मागायला सगळ्यांत लांब ओळ. अर्जात कारण स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सोय नव्हती. दिलेल्या कारणांतून एक निवडायचं: नवा प्रिंटर, विसरलेला पासवर्ड, किंवा इतर. मी प्रामाणिक माणूस, मी ‘इतर’ निवडलं. बरेच दिवस काही हालचाल नाही. मी कुलूपांपाशी जाऊन खोकलो.

“‘इतर’ कोण बघतं?” त्यांनी उलट मलाच विचारलं. “‘इतर’ कोणीच बघत नाही, काका. प्रिंटर टाका.”

मी प्रिंटर टाकलं. दुसऱ्या दिवशी एक माणूस खरोखरच प्रिंटर घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून, सही घेऊन निघून गेला. तो आता कायमचा तिथेच आहे. मी लिहायला बसतो तो तिरका.

या सगळ्या काळात माझं काम मात्र जोरात चालू होतं. ‘वाचवा’चं ‘जतन करा’ झालं. डॉक्टरांनी पाठलाग सोडला. गोळ्यांची पानं मी तर अशी लिहिली, की ती वाचताना मलाच बरं वाटावं. फक्त ते सगळं मी मुख्य साठ्याकडे पाठवलं नव्हतं. छोटे शब्द आज ना उद्या मिळणार असताना त्या लांब ओळी कशाला टंकायच्या? हा माझा हट्ट होता. पुढे सगळ्यांनी त्याला ‘निष्काळजीपणा’ म्हटलं.

अखेर त्याच प्रिंटरच्या अर्जावर टोपणनावांची परवानगीही आली. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाचे लोक येणार होते. हेडफोन माझ्या यंत्रापुढे बसल्या, मी प्रिंटरच्या आडून सांगू लागलो.

“पहिला शब्द?”

“आण.”

“म्हणजे सगळ्यांचे बदल आणायचे. झालं. मग?”

“बघ.”

“म्हणजे तपासून, चालवून बघायचं. झालं. पुढचा?”

“पूस.”

त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. “सगळं?”

“सगळंच. अर्धवट पुसून काय उपयोग?”

“बरोबर. आम्हीही करतो तसं. फक्त काका, पुसायच्या आधी ते विचारतं, नक्की ना म्हणून. ते ठेवू की काढू?”

मला हसूच आलं. “काढा ते. पुसायला कसली परवानगी? मी तर म्हणतो, माणसाने येता-जाता पुसत राहावं. काही पाठवायच्या आधी तर पुसावंच.”

“पाठवायच्या आधी?”

“आधीच. नंतर पुसून काय करायचं?”

“काका,” त्या खऱ्या आदराने म्हणाल्या, “तुम्ही फार शिस्तीचे आहात.”

कंपनीत एवढं चांगलं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी लाजलो. चौथा शब्द ‘दे’ सांगताना तर माझा आवाज जवळजवळ मोठा झाला होता.

त्या आपल्या जागी गेल्या. मी हात पुसले आणि काळ्या खिडकीपुढे सरसावून बसलो. मुख्य साठ्याला आधी रीतसर पुसावं, बाबा रे, माझ्याकडून काय काय यायचं राहिलं आहे, काही चुकलं नाही ना, आणि मग सगळं पाठवावं, असा माझा बेत. तीन अक्षरं टंकली. बटण दाबलं.

आणि त्या उद्धट खिडकीने पहिल्यांदा मला एका दमात उत्तर दिलं. इंग्रजीत होतं, पण मला कळलं: पाठवण्याजोगं काही नाही, सगळं स्वच्छ आहे. छापखान्यात ज्या प्रुफात एकही चूक नसे त्याला आम्ही स्वच्छ प्रूफ म्हणत असू. असं प्रूफ हातात येणं ही आमच्या धंद्यातली पदवीच. माझा ऊर भरून आला. मी पुन्हा पुसलं. स्वच्छ! आणखी एकदा पुसलं, केवळ सुखासाठी. स्वच्छ!

मग मी गोळ्यांचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, ‘तपासणीनंतर डॉक्टर तुमचा पाठलाग करतील.’ खाली लाल चौकटीत, ‘वाचवा’.

मी ओरडलो म्हणे. हे मला इतरांनी सांगितलं. हेडफोन धावत आल्या, त्यांनी पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काका, तुम्ही न पाठवताच पुसलंत? मला वाटलं, पक्कं काम कधीच पाठवून झालंय, उरला तो कच्चा पसारा. अहो, सगळं गेलं.”

“मी पुसलं म्हणजे विचारलं!”

“पूस म्हणजे पूस ना? फडक्याने पुसतो तसं?”

“पूस म्हणजे विचार!” मी टेबलावर मूठ आपटली. ती प्रिंटरवर आपटली आणि त्यातून एक कोरा कागद बाहेर आला. “कोणाला न पुसता, म्हणजे न विचारता! वाट पुसणे! विचारपूस! विचारपूसमधला पूस काय फडकं आहे?”

“मला वाटायचं,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “आधी विचारायचं आणि मग डोळे पुसायचे. म्हणून विचारपूस.”

वाईट हे, की त्यांचा अर्थ माझ्यापेक्षा सुंदर होता. तोवर मंडळी गोळा झाली होती. मी एकेकाला विचारलं. पूस म्हणजे? पूस म्हणजे पूस, सगळे म्हणाले आणि हवेत फडकं फिरवल्यासारखा हात फिरवून दाखवू लागले. कुलूपही म्हणाले. कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

प्रमुख बाईंनी घड्याळ बघितलं. “काका, उद्या दुपारी ते येतायत. यंत्राचंच दाखवू या. आणि यापुढे तुम्ही आपलं कागदावर…”

“नाही,” मी म्हणालो. यावेळी त्यांना मोठ्याने बोला असं सांगावं लागलं नाही. “सगळं माझ्या डोक्यात आहे.”

ते खरं होतं. मुद्रितशोधकाच्या डोक्यात दुसरं काही नसतंच. हेडफोननी स्वतःहून खुर्ची ओढली. “तुम्ही सांगा, मी टंकते. मी फास्ट आहे.” छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रुफावर बोट फिरवतो, तसे आम्ही बसलो. म्हणजे ज्या गोष्टीविरुद्ध मी एवढा झगडलो, की माझे शब्द दुसऱ्याने आत घालू नयेत, तीच मी आता मुकाट्याने करून घेत होतो. फरक एवढाच, की मी मानगुटीवर बसून प्रत्येक अक्षर बघत होतो. त्यांनी हेडफोन काढून ठेवला होता. त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी आम्ही पान पान परत उभं केलं. त्या ‘औषध’ अचूक टंकत होत्या.

गोळ्यांचं शेवटचं पान आलं. मी सांगितलं, “डॉक्टरांना पुसल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.”

त्यांची बोटं थांबली.

“काय झालं?”

“काही नाही.” पण बोटं हलेनात. “काका, रागावू नका. माझी आई रक्तदाबाच्या गोळ्या घेते. तिला हे असं आलं, तर ती मला फोन करेल, की डॉक्टरांना कशाने पुसू? आणि मी कामात असेन, फोन घेणार नाही. मग ती गोळ्यांचं आपल्या मनानेच काय ते ठरवेल.”

मी रागावलोच. मी म्हणालो, शब्दाला पिढ्यांचा आधार आहे. मी म्हणालो, मूळ अर्थ तोच. मी म्हणालो, लोकांना शब्द माहीत नसतील तर ते शिकतील. हे सगळं मी मनात म्हणालो की मोठ्याने ते आता आठवत नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि पडद्यावरची काडी डोळा मिचकावत होती. गोळ्या घेणाऱ्या बाईला शब्द शिकवत बसायला वेळ कुठे असतो? आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर मी पिढ्यांचा आधार घेऊन तिच्या दाराशी जाणार होतो का?

“‘विचारल्याशिवाय’ लिहा,” मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. मग त्या उठल्या, मला खुर्ची दिली, आणि मी सगळ्याच्या सगळ्या लांब ओळी, एकही जागा न सोडता, हाताने टंकून माझे शब्द मुख्य साठ्याकडे पाठवले. एकदाही ‘आज्ञा सापडली नाही’ आलं नाही.

इस्पितळाचे लोक आले. मोठे डॉक्टर माशी हाकलावी तसा अंगठा फिरवत पानं उलटत गेले. “निळा जरा गडद करा,” एवढंच म्हणाले. माझं एकही वाक्य त्यांनी वाचलं नाही. शेवटच्या पानावर मात्र अंगठा थांबला. “डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. हे छान सोपं लिहिलंय. कोणी लिहिलं?” प्रमुख बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. सबंध प्रोग्रॅममध्ये पसंत पडावा तो नेमका तोच शब्द! मी संतापाने लाल झालो. डॉक्टर म्हणाले, “काकांना बसायला द्या.”

काळी खिडकी माझ्याकडेच राहिली, हे मी मिळवलं. पण दुसऱ्या दिवशी कुलूपांचं फर्मान निघालं, की यापुढे टोपणनावं फक्त इंग्रजीत, आणि ज्यांचे दोन अर्थ होतात असे शब्द सर्वांना बंद. म्हणजे निम्मी भाषा बंद. तेव्हा मी अजूनही एका अनुस्वारासाठी अर्धं पान टंकतो, प्रिंटरच्या बाजूने, तिरका बसून.

घरी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलेली बाई, ती तरी माझी बाजू घेईल.

“त्या बाईंचं काय चुकलं?” ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “मलाही तेच वाटलं असतं.”

“तुला? तू तर रोज म्हणतेस, शेजारी पुसून या म्हणून.”

“मी ‘विचारून या’ म्हणते. ‘पुसून ये’ तुम्ही म्हणता, लग्न झाल्यापासून. नवीन असताना तुम्ही मला म्हणाला होतात, आईला पूस काय हवं-नको ते. मी ओला टॉवेल घेऊन त्यांच्या खोलीत गेले होते.”

“मग?”

“मग काय? त्या म्हणाल्या, सून फार गुणाची आहे.” आणि तिने टॉवेलची घडी घातली.

आई गेली त्याला फार काळ झाला. बायकोचा चेहरा मला कधीच वाचता आलेला नाही. हे खरं घडलं की माझी गंमत केली, ते मला आजही माहीत नाही, आणि तिला पुसायची, म्हणजे विचारायची, माझी हिंमत होत नाही.